रेव्हरंड टिळकांची आशा : पुनरुत्थानाचा विचार आणि रुग्णसेवा

(न्यासाच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत प्रशासन विभागातर्फे केलेल्या भाषणाचा मजकूर)



वर्षभराचा अहवाल आणि लेखापरीक्षकांनी प्रमाणित केलेला ताळेबंद आपल्या हाती आहेच. आकडेवारीकडे वळण्यापूर्वी एखाद्या चरित्राचे स्मरण करावे, असा आपल्या सभेचा प्रघात आहे. यंदा आम्ही त्यासाठी रेव्हरंड नारायण वामन टिळक यांची निवड केली आहे. महाराष्ट्र त्यांना 'फुलांमुलांचे कवी' म्हणून ओळखतो. आज मात्र ख्रिस्ती धर्मचिंतक टिळकांविषयी, आणि 'पुनरुत्थान' व 'आशा' या दोन शब्दांचा त्यांच्या आयुष्याने लावलेल्या अर्थाविषयी बोलण्याचा मानस आहे.

रुग्णालयाच्या सभेत धर्मचिंतनाचा विषय कशासाठी, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. आपला न्यास कोणत्याही एका धर्माचा नाही आणि येथे कोणाला उपदेश करण्याचा आम्हांला अधिकारही नाही. परंतु 'आशा' हा शब्द या वास्तूत जितक्या वेळा उच्चारला जातो, तितका तो क्वचितच अन्यत्र उच्चारला जात असेल. राधानगरीहून, चंदगडहून, गडहिंग्लजहून, सीमेपलीकडच्या निपाणीहून माणसे येथे येतात. अतिदक्षता विभागाबाहेर डॉक्टरांना ती एकच प्रश्न विचारतात : "आशा आहे ना, साहेब?" थोड्या वेळाने तोच प्रश्न आमच्या बिलाच्या खिडकीपाशी येतो, तेव्हा त्याचे रूप पालटलेले असते. म्हैस विकायची की नाही, उसाच्या बिलावर उचल घ्यायची की नाही, जमीन गहाण टाकायची की नाही, हे त्या एका शब्दावर ठरणार असते. डॉक्टरांना तो प्रश्न वैद्यकीय वाटतो, तर हिशेब सांभाळणाऱ्या आम्हां मंडळींना तो एका घराच्या पुढच्या दहा वर्षांचा प्रश्न दिसतो. म्हणून आशा म्हणजे नेमके काय, याचा विचार आपल्या संस्थेने करणे अगत्याचे आहे.

पुनरुत्थानाची कथा मराठीला नवी नाही. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्लंडात जन्मलेले जेझुइट धर्मगुरू १५७९ साली गोव्यात आले आणि १६१९ साली त्यांचे देहावसान होईपर्यंत तेथेच राहिले. त्यांचे 'क्रिस्तपुराण' १६१६ साली राचोल येथे रोमन लिपीत छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांच्या या ग्रंथाच्या दुसऱ्या भागात ख्रिस्ताचा जन्म, दुःखभोग, मृत्यू आणि पुनरुत्थान यांचे कथन आहे. मरणावर मात करणाऱ्या आशेची ही गोष्ट चारशे वर्षांपूर्वीच आपल्या ओवीच्या चालीवर उतरली होती. पुढे या दिशेने आपल्या परीने चाललेले मोठे नाव म्हणजे टिळक.

नारायण वामन टिळक यांचा जन्म १८६१ साली रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे झाला. बालपणीच मातृछत्र हरपले. नाशिकला संस्कृतचे अध्ययन झाले. १८८० साली जलालपूरच्या गोखले घराण्यातील मनूताईंशी, म्हणजेच पुढच्या लक्ष्मीबाईंशी, त्यांचा विवाह झाला. स्वभाव अस्थिर, बुद्धी तीव्र आणि मन सदैव कशाच्या तरी शोधात. नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपियन सहप्रवाशाने त्यांना नव्या कराराची प्रत दिली. त्यातील डोंगरावरील प्रवचनाने त्यांच्या मनाची पकड घेतली आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढील आयुष्याचा मोठा काळ त्यांनी अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर, येथे अध्यापन, भजने, कीर्तने व लेखन यांत घालविला. १९१२ पासून ते 'ज्ञानोदय' पत्राच्या मराठी विभागाचे संपादक होते.

या धर्मांतराची किंमत त्यांच्याइतकीच लक्ष्मीबाईंनीही मोजली. पती हयात असताना पतीवियोग आणि समाजाची नजर, या दुहेरी अवस्थेत त्यांनी चार-साडेचार वर्षे काढली. पुढे त्या टिळकांकडे परतल्या आणि १९०० साली त्यांनी स्वतःच्या विचाराने बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या 'स्मृतिचित्रे' या आत्मकथनात हा काळ आला आहे. त्यात स्वतःच्या दुःखाकडेही हसत पाहण्याची जी शक्ती आहे, तीच आपल्या विषयाचे पहिले सूत्र ठरावी. आशा बाळगणारा मनुष्य दुःख नाकारीत नाही, परंतु आपल्या आयुष्याची अखेरची ओळ दुःखालाच लिहू देत नाही.

तुकोबांच्या सेतूवरून आपण ख्रिस्तचरणांपाशी आलो, असे टिळक सांगत असत. हा त्यांच्या धर्मचिंतनाचा गाभा होय. नवी श्रद्धा स्वीकारताना जुनी भाषा, जुना भक्तिभाव, अभंग आणि कीर्तन यांचा त्याग करण्याची त्यांना गरज वाटली नाही. उलट अभंगाच्या छंदात त्यांनी विपुल ख्रिस्ती भक्तिकाव्य लिहिले आणि मराठी चर्चमधून त्यांची भजने आजही म्हटली जातात. १९१७ साली मिशनच्या वेतनाची चाकरी सोडून ते सातारा येथे राहिले. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे सर्व ख्रिस्तभक्त एकत्र यावेत, या हेतूने 'देवाचा दरबार' उभारण्याचे कार्य त्यांनी आरंभिले. त्या वेळी त्यांचे वय पंचावन्नच्या पुढे होते आणि प्रकृतीही साथ देत नव्हती. हिशेबी माणसाने अशा वयात नवे खाते उघडले नसते.

बालकवी ठोंबरे यांच्यावर टिळक दांपत्याची माया होती आणि ते त्यांच्या घरात मुलासारखे राहिले होते. ५ मे १९१८ रोजी बालकवींचा रेल्वे अपघातात, वयाच्या अवघ्या अठ्ठाविसाव्या वर्षी, अंत झाला. त्यानंतर एक वर्ष उलटते न उलटते तोच, ९ मे १९१९ रोजी, टिळकांनी मुंबईत देह ठेवला.

आपल्या देहाचे दहन व्हावे, अशी त्यांची इच्छा होती. त्याप्रमाणे मुंबईत दहन होऊन रक्षा अहमदनगरला नेण्यात आली. त्या काळच्या ख्रिस्ती समाजात दफनाचीच रूढी होती. पुनरुत्थानाच्या दिवशी देह उठणार, या श्रद्धेशी दफन जोडलेले असल्याने दहन अनेकांना खटकणारे होते. टिळकांनी पूर्वजांचा अग्निसंस्कार पत्करला आणि श्रद्धाही सोडली नाही. यात आम्हांला एक मोठा विश्वास दिसतो. ज्याला मातीतून उठविता येते, त्याला राखेतूनही उठविता येईल. आशेला देह कोणत्या अवस्थेत आहे, याची अट नसते.

येथे एक भेद स्पष्ट करणे आवश्यक आहे. आपल्यापैकी बहुतेकांना पुनर्जन्माची कल्पना परिचित आहे. जुने वस्त्र टाकून नवे घ्यावे, तसा आत्मा देह बदलतो, असे आपण ऐकत आलो आहोत. ख्रिस्ती धर्मातील पुनरुत्थान याहून निराळे आहे. तेथे तीच व्यक्ती, त्याच नावाने, नव्या जीवनात उठते. संत पौलाने करिंथ येथील मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्रात त्यासाठी बीजाचा दृष्टांत योजला आहे. पेरलेले बी आणि उगवलेले रोप दिसायला भिन्न असतात, पण रोप त्याच बीजाचे असते. शेतकऱ्यांच्या या जिल्ह्यात हा दृष्टांत समजावून सांगण्याची गरज नाही. दोन्ही कल्पनांपैकी कोणती खरी, हा निवाडा करण्याचे हे स्थळ नव्हे. एवढेच लक्षात घ्यावे की, पुनरुत्थानाच्या विचारात या देहाला, या चेहऱ्याला, या नावाला अखेरपर्यंत मोल आहे. जो देह उद्या टाकायचाच आहे, त्याची आज कशाला निगा, असे म्हणण्यास तेथे जागा उरत नाही.

शुभवर्तमानातील त्या पहाटेची कथाही रुग्णालयातील माणसांनी अवश्य वाचावी अशी आहे. ख्रिस्ताच्या कबरीकडे पहाटे निघालेल्या काही स्त्रिया होत्या. त्यांच्या हाती सुगंधी द्रव्ये होती, कारण मृतदेहाला ती लावण्याचे काम राहून गेले होते. तोंडावरची मोठी धोंड कोण लोटणार, याची त्यांना चिंता होती. काही अद्भुत घडेल या अपेक्षेने त्या निघाल्या नव्हत्या. मरण पावलेल्याची शेवटची सेवा करावी, एवढाच त्यांचा हेतू होता. आणि पुनरुत्थानाची वार्ता प्रथम त्यांनाच मिळाली. पहाटेच्या पाळीत रुग्णाचे अंग पुसणाऱ्या, चादर बदलणाऱ्या आमच्या परिचारिका भगिनींनी या कथेत आपले स्थान ओळखावे. आशेची आधी खात्री पटवून घेऊन मग सेवेला लागावे, असा क्रम येथे नाही. सेवा चालू असतानाच आशा भेटते.

त्याच कथेतील दुसरा प्रसंग थोमाचा. पुनरुत्थित ख्रिस्त शिष्यांना भेटला, तेव्हा त्याच्या हातांवरचे खिळ्यांचे व्रण तसेच होते. नवे जीवन मिळाले म्हणून जखमांच्या खुणा पुसल्या गेल्या नाहीत. बरे होणे म्हणजे काहीच न घडल्यासारखे होणे, असा आपला समज असतो. पण पाय गमावून चालू लागलेला रुग्ण, स्तनाच्या शस्त्रक्रियेनंतर पुन्हा शेतावर जाणारी भगिनी यांना विचारावे. व्रणासकट जगणे हेही पूर्ण जगणेच आहे, असे ते सांगतील.

विसाव्या शतकात या विचाराला जगभर नवे बळ देणारे धर्मचिंतक म्हणजे जर्मनीचे युर्गेन मोल्टमान. त्यांचा जन्म १९२६ साली हाम्बुर्ग येथे झाला. १९४३ साली त्या शहरावर झालेल्या बॉम्बवर्षावात शेजारी उभा असलेला त्यांचा मित्र ठार झाला आणि ते स्वतः वाचले. पुढे युद्धकैदी म्हणून छावणीत असताना एका लष्करी धर्मगुरूने त्यांना बायबल दिले. फारसे धार्मिक वातावरण नसलेल्या घरातून आलेल्या या तरुणाला त्यातील विलापाची स्तोत्रे आणि क्रुसावर टाहो फोडणारा ख्रिस्त आपलासा वाटला. १९६४ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथाचा विषयच 'आशेचे ईश्वरविज्ञान' हा होता. १९७२ साली त्यांनी क्रुसावरील ईश्वरावर ग्रंथ लिहिला. जून २०२४ मध्ये, वयाच्या अठ्ठ्याण्णवाव्या वर्षी, ते निवर्तले. सारे काही ठीक होईल असा अंदाज बांधणे म्हणजे आशा, हे त्यांना मान्य नव्हते. अंदाज परिस्थितीवर उभा असतो, तर आशा वचनावर. आणि खरी आशा माणसाला स्वस्थ बसू देत नाही. जे आज आहे ते असेच राहावे, हे तिला मंजूर नसते.

या विचाराचा वैद्यकीय सेवेशी थेट संबंध जोडला तो डेम सिसिली साँडर्स यांनी. त्या आधी परिचारिका होत्या, मग रुग्णालयातील समाजसेविका झाल्या आणि शेवटी डॉक्टर झाल्या. ख्रिस्ती श्रद्धेच्या प्रेरणेने त्यांनी १९६७ साली लंडन येथे सेंट ख्रिस्तोफर हे शुश्रूषागृह सुरू केले आणि २००५ साली तेथेच अखेरचा श्वास घेतला. रोग्याची वेदना केवळ शरीराची नसते. तीत मनाची भीती, घरच्यांची काळजी, पैशाची विवंचना आणि आत्म्याची तळमळ मिसळलेली असते, हे त्यांनी वैद्यकशास्त्राला पटवून दिले. आपल्या महाराष्ट्रात १९८६ साली मुंबईच्या वांद्रे येथे शांती अवेदना सदन सुरू झाले. हे भारतातील अशा प्रकारचे पहिले शुश्रूषागृह होय. १९९७ साली पुण्यात वारजे येथे सिप्ला प्रतिष्ठानचे वेदनाशमन केंद्र उभे राहिले. २०१४ साली अमली पदार्थविषयक केंद्रीय कायद्यात सुधारणा होऊन मॉर्फिनसारखी अत्यावश्यक वेदनाशामक औषधे रुग्णालयांना मिळण्याचा मार्ग सुकर झाला. म्हणजे ज्ञान आहे, औषध आहे, कायद्याची वाटही मोकळी आहे.

आपल्या भागालाही अशा सेवेची परंपरा आहे. रॉयल वाइल्डर १८५२ साली कोल्हापुरात आले. पुढे डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ साली मिरजेत रुग्णालय उभारले. क्षयावर खात्रीचा औषधोपचार नव्हता, त्या काळातही क्षयरुग्णांना ठेवून घेणारे आरोग्यधाम मिरजेजवळ वानलेसवाडीस चालत होते. बरे होण्याची हमी नसलेल्या रुग्णाला दार उघडे ठेवणे हे या पंचक्रोशीला अपरिचित नाही.

आता आपल्या अहवालाकडे वळू. सोबतच्या तक्त्यात दाखल झालेले रुग्ण, शस्त्रक्रिया, प्रसूती, बरे होऊन घरी गेलेले आणि मृत्यू पावलेले असे स्तंभ आहेत. ज्यांच्यावर आता रोग बरा करणारा उपचार उरलेला नाही, पण ज्यांचे आयुष्य अजून काही आठवडे वा महिने उरले आहे, अशांसाठी त्यात स्तंभ नाही. "आता घरी घेऊन जा" हे वाक्य कोणत्याही रुग्णालयात उच्चारले जाते, तेव्हा ते बहुधा खरेच असते. पण त्या घरात वेदना शमविण्याचे औषध नसते, जखम धुण्याचे शिक्षण नसते आणि रात्री दोन वाजता विचारावे असे कोणी नसते. मग ते कुटुंब कर्ज काढून दुसऱ्या शहरात, दुसऱ्या दारात, त्याच प्रश्नासह उभे राहते. खोट्या आशेचा खर्च सर्वांत जड असतो आणि तो सर्वांत गरीब घरावर पडतो.

म्हणून विश्वस्त मंडळापुढे आम्ही एक प्रस्ताव ठेवला आहे. तळमजल्यावरील पूर्वेकडची खोली चार खाटांच्या वेदनाशमन कक्षासाठी राखून ठेवावी, दोन परिचारिकांना त्याचे रीतसर प्रशिक्षण द्यावे, मॉर्फिनसाठी आवश्यक ती मान्यता घ्यावी आणि आठवड्यातून ठरावीक दिवशी घरी जाऊन शुश्रूषा करणारे पथक सुरू करावे. या कक्षातून रुग्णालयाला उत्पन्न मिळणार नाही, हे येथेच स्पष्ट सांगितलेले बरे. त्याच चार खाटा शस्त्रक्रियेच्या रुग्णांना दिल्या, तर जमेची बाजू वाढेल, असा आक्षेप मंडळाच्या बैठकीत आला आणि हिशेबाच्या दृष्टीने तो बिनचूक आहे. शस्त्रक्रियेची वाट पाहणारे गरीब रुग्णही आपलेच आहेत, हेही आम्ही विसरत नाही. म्हणूनच या कक्षाचा भार चालू खर्चावर न टाकता त्यासाठी स्वतंत्र कायम निधी उभारावा आणि केवळ त्याच्या व्याजातून हे कार्य चालवावे, अशी आमची विनंती आहे.

देणगीदार मंडळींना एक अडचण मोकळेपणाने सांगितली पाहिजे. यंत्र घेतले की त्यावर नाव कोरता येते, इमारत बांधली की संगमरवरी पाटी लावता येते. या सेवेत पाटी लावावी असे काही नाही. एका वृद्धाची रात्र वेदनेशिवाय गेली, एका आईला मुलांशी चार शब्द शुद्धीत बोलता आले, एवढेच तिचे फळ आहे.

येथे पुन्हा टिळकांचे स्मरण होते. १९०९ साली त्यांनी 'ख्रिस्तायन' या महाकाव्याला आरंभ केला. दहा-अकरा अध्याय झाले आणि मृत्यूने लेखणी थांबविली. ख्रिस्ताच्या मरणाची आणि पुनरुत्थानाची कथा लिहिण्याचे त्यांच्या हातून राहून गेले. शाळेची पायरी न चढलेल्या, मोठेपणी अक्षरे शिकलेल्या लक्ष्मीबाईंनी ते काम हाती घेतले आणि साठाहून अधिक अध्याय रचले. १९३६ साली त्याही गेल्या. पुत्र देवदत्त यांनी उरलेली पूर्तता केली आणि १९३८ साली ग्रंथ प्रसिद्ध झाला. ज्याने आरंभ केला त्याने शेवट पाहिला नाही. जिने कथा पुढे नेली, तिने छापील ग्रंथ पाहिला नाही. तरीही काम अपुरे राहिले नाही. आशा ही एका माणसाच्या आयुष्यात मावत नाही. ती एकाकडून दुसऱ्याकडे सोपवावी लागते, हे या घराण्याने दाखवून दिले.

कोणताही धर्मादाय न्यास याच रीतीने चालतो. ज्यांनी या संस्थेची पहिली वीट ठेवली, त्यांच्यापैकी बहुतेक आज आपल्यात नाहीत. आजचे रुग्ण त्यांनी पाहिले नाहीत. वेदनाशमन कक्षासाठी आज दिलेल्या देणगीचे व्याज ज्या रुग्णांच्या कामी येईल, त्यांतील अनेकांना आपणही पाहणार नाही.

रुग्णांच्या नातेवाइकांना मात्र एक आश्वासन देता येते. "आशा आहे ना?" असे आपण विचाराल, तेव्हा आमचे डॉक्टर खरे तेच सांगतील आणि आम्ही खर्चाचा खरा अंदाज देऊ. रोग बरा होण्याची आशा नसेल, तर तसे स्पष्ट सांगितले जाईल. पण त्या उत्तरानंतर आमचे दार बंद होणार नाही. आपल्या माणसाची वेदना कमी करण्याची, त्याचे नाव घेऊन त्याला हाक मारण्याची आणि शेवटपर्यंत सोबत राहण्याची आशा या वास्तूत कधीही संपणार नाही, यासाठी आपण सर्वांनी हातभार लावावा.

निधीसंबंधीचा तपशील आणि प्रस्तावाचा मसुदा अहवालाच्या शेवटी जोडला आहे. त्यावर आपण साधकबाधक चर्चा करावी, आक्षेप असल्यास तेही निःसंकोच मांडावेत, आणि त्यानंतर उदार मनाने निर्णय घ्यावा, अशी नम्र प्रार्थना आहे.